फाल्गुनराव, हेराल्ड आणि ‘जुगाड’ नावाची शिवी

गेल्या उन्हाळ्यात वडूजमध्ये एका जुन्या मोटारीवरून दोन माणसांत वाद झाला आणि दोघांनीही आम्हांला पंच नेमले. एक आमचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी आम्हांला मराठी नाटक शिकवले. दुसरा त्यांच्या दिवंगत मित्राचा मुलगा. त्या मुलाने वडिलांच्या साठ वर्षे जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून, घरच्या रिकाम्या गोठ्यात, तीत नव्या काळाचे टर्बो इंजिन बसवले होते. सरांचे म्हणणे असे की ही आता त्यांच्या मित्राची गाडी राहिली नाही. मुलाचे उत्तर एका वाक्याचे होते: “सर, गाडी आण्णांचीच हाय, दम तेवढा नवा घातलाय.” आम्ही त्या दिवशी निकाल दिला नाही, चहा घेऊन उठलो. हा लेख म्हणजे तो उशिरा दिलेला निकाल होय.

मोटारीचा तंटा साहित्याच्या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे कारण साधे आहे. वाद ऐकताना आपण रूपांतरित नाटकांवरचा परिसंवाद ऐकत आहोत, असे आम्हांला पुनःपुन्हा वाटत होते. ‘मूळ’ कशाला म्हणावे, ‘अस्सल’ कशाला, परक्या वस्तूचा आपल्या वस्तूशी सांधा जुळला हे कशावरून ओळखावे, हे सारे प्रश्न तिथे ग्रीस लागलेल्या हातांनी विचारले जात होते. आणि आमच्या वर्गांत ते ज्या सैलपणाने विचारले जातात त्याहून ते कितीतरी नेमके होते.

*

प्रथम गाडीविषयी. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेकडो कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगली. हे कुटुंब त्यांतलेच, तामिळनाडूत स्थिरावलेले. आण्णांनी तिथे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही दोन दारांची मोटार जुनीच विकत घेतली आणि म्हातारपणी गावी परतताना ती बरोबर आणली. ‘ट्रायम्फ हेराल्ड’ या इंग्रजी गाडीची ही मद्रासमध्ये तयार होणारी आवृत्ती. तिचे उत्पादन १९६१ साली सुरू झाले. काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे. पण ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार काढली, ती हेराल्डचीच चासी आखूड करून. आणि दोन्ही गाड्यांचे आरेखन मिकेलॉत्ती या एकाच इटालियन कलावंताचे. तेव्हा वडूजच्या गोठ्यातल्या या गाडीला स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण म्हणायला हरकत नसावी.

हेराल्डची रचना अशा कामाला विलक्षण सोयीची आहे. तिची चासी सांगाड्यासारखी वेगळी असते आणि वरची बॉडी तिला बोल्टांनी बसवलेली असते. बॉनेट मडगार्डांसकट अख्खे पुढे उलटते, त्यामुळे मेस्त्री पुढच्या टायरवर बसून इंजिनाशी बोलू शकतो. इंजिन मूळचे ९४८ सीसीचे, ताकद पस्तीस-एक अश्वशक्ती. आण्णांच्या गाडीचे इंजिन पूर्वीच बोअर करून करून शेवटच्या मापाला आले होते. हेडला तडा होता. आणि सुटे भाग मिळणे जवळपास बंद झाले होते. म्हणजे मुलापुढे प्रश्न ‘मूळ की नवे’ असा नव्हताच. ‘नवे की कायमचे बंद’ असा होता. आमच्या सरांनी ही बाब वादात एकदाही लक्षात घेतली नाही, हे आम्ही नम्रपणे नोंदवून ठेवतो.

त्याने निवडले ते अपघातात चेपलेल्या एका बोलेरोचे दीड लिटरचे, तीन सिलिंडरांचे टर्बो डिझेल इंजिन. ते गाडीत उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण असे की त्याची दुरुस्ती करणारा माणूस वडूजपासून पन्नास पावलांवर आहे.

टर्बोचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. इंजिनातून धूर वेगाने बाहेर पडतो तो वाया जातो. त्याच्या वाटेत एक लहान चक्र ठेवायचे. त्या चक्राच्याच दांड्यावर दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते, म्हणून लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रवासी मोटारींत ती अमेरिकेत १९६२ साली प्रथम विक्रीला आली. त्या दांड्याचा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्या पलीकडे जातो आणि तो तरंगत असतो तेलाच्या पातळ थरावर. म्हणून खूप ताण दिल्यावर इंजिन एकदम बंद करू नये, मिनिटभर शांत चालू द्यावे, असे जाणते चालक सांगतात.

पण इंजिन बसवणे म्हणजे इंजिन बसवणे नव्हे, हे आम्ही त्या गोठ्यात शिकलो. जुन्या इंजिनाच्या पिळाच्या जवळजवळ तिप्पट पीळ नवे इंजिन देते. हेराल्डचा गिअरबॉक्स तो सोसणार नाही. म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्यावा लागला, त्यासाठी चासीचा मधला आडवा पट्टा कापून पुन्हा वेगळ्या जागी जोडावा लागला आणि प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करावा लागला. हेराल्डचा मागचा आस दोन तुकड्यांचा, झुलणारा. वळणावर एकदम पाय काढला तर मागची चाके आत दुमडू पाहतात, हा त्याचा जगजाहीर दोष. पस्तीस अश्वशक्तीत जो दोष खपतो तो सत्तरीत जीव घेईल. म्हणून तो आस काढून एकसंध आस बसवला. नवे इंजिन उंच, म्हणून बॉनेटला वर फुगवटा आला. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर पुढच्या जाळीमागे बसवला. तो बसवला म्हणून रेडिएटरची जागा बदलली. इंजिनाचा संगणक स्वतःच्या किल्लीखेरीज कोणाचे ऐकत नाही, म्हणून बोलेरोची किल्ली, पायाखालचा पॅडल आणि वायरिंगचा अख्खा जुडगा हेराल्डच्या पोटात आला.

एक ‘म्हणून’ दुसऱ्या ‘म्हणून’ला जन्म देत होता. चौदा महिने हे चालले. त्या मुलाच्या वहीत रोजची मापे होती, खोडलेल्या आकृत्या होत्या, समासात शंका होत्या. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आम्ही इतक्या प्रामाणिक खाडाखोडी पाहिल्या नाहीत.

*

आता शब्दाकडे वळू. गाडी सुरू झाल्यावर गावात जो तो म्हणाला, “काय भारी जुगाड केलंय!” कौतुकानेच म्हणाला. आमची तक्रार या कौतुकाविषयी आहे.

‘जुगाड’ हा उत्तरेकडून आलेला शब्द. तिकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवून केलेल्या गावठी वाहनालाही जुगाडच म्हणतात. मराठीत तो गेल्या काही दशकांत इतका रुजला की आपले जुने शब्द, जुळणी, जोडकाम, खटपट, मागे पडले. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. मापाशिवाय, नशिबावर हवाला ठेवून केलेली तात्पुरती सोय. जिथे चौदा महिने मोजमाप झाले तिथे हा शब्द वापरणे म्हणजे पाठ थोपटता थोपटता माणसाला हुशार अडाण्यांच्या रांगेत बसवणे होय. याच जिल्ह्यांत कारखानदार करतो ते संशोधन ठरते, अभियांत्रिकीचा विद्यार्थी करतो तो प्रकल्प ठरतो आणि गोठ्यातला माणूस करतो ते जुगाड ठरते. काम तेच, शब्द मात्र करणाऱ्याच्या पायरीप्रमाणे बदलतो. भाषेच्या शिक्षकांना एवढे तरी दिसायला हवे.

वडूजपासून फार दूर नसलेले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून चार चाकांची छोटी जीप तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि गाडी सुरू व्हायची ती दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले. आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार यांच्या घरी आली.

हा शेवट गोड आहे यात शंका नाही, आणि देणाऱ्याच्या मनाबद्दल आम्हांला काही म्हणायचे नाही. पण आम्हांला खटकते ते आपले, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांचे वर्तन. लोहार यांची जीप आपण चित्रफीत म्हणून पाहिली, हसलो, हळहळलो, पुढे सरकवली. किकची शक्ती चार चाकांच्या गाडीला कशी पुरवली, सुकाणूची जुळणी कशी केली, कुठे तीनदा चुकले, हे विचारून लिहून घ्यावे असे किती मराठी लेखकांना वाटले? बक्षिसाची बातमी झाली. कामाचा ग्रंथ झाला नाही.

याच मुलखात एके काळी हे अंतर इतके नव्हते. वडूजच्याच खटाव तालुक्यात औंध आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव मुळात यांत्रिक आरेखनाचे शिक्षक. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली होती. लोखंडी नांगर घडवणाऱ्या त्या वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याचे ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडेही त्याच घरात जन्मली. म्हणजे विसाव्या शतकातील मराठी वाचकवर्ग घडवणारी मासिके लेथ आणि भट्टी यांच्या शेजारच्या खोलीत तयार होत होती. आज आपल्या साहित्यात यंत्र येते ते बहुधा माणसाला भरडणारे चक्र म्हणून. मर्ढेकरांपासून ती एक समर्थ परंपरा आहे आणि तिची निकड आम्ही नाकारीत नाही. पण यंत्र खोलणारा, जोडणारा, त्याच्याशी हुज्जत घालणारा माणूस आपल्या कथा-कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो. भेटला तर तो ‘जुगाडू’ असतो. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, मास्तर इंग्रजांकडून. दोहोंचे लॅटिन मूळ एकच, ‘शिकवणारा’ या अर्थाचे. एक शब्द आपण शाळेत नेला आणि दुसरा गॅरेजात. दोघांची पुन्हा भेट घालून द्यायला आपण विसरलो.

*

सरांचा खरा आक्षेप मात्र शब्दाचा नव्हता, मूळपणाचा होता. “इंजिन काढलेस तर उरले काय? पत्रा!” असे ते म्हणाले. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी आम्ही सरांनीच शिकवलेल्या नाटकाचा आधार घेतो.

गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. ते आधारलेले होते आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या एका इंग्रजी सुखात्मिकेवर. आणि मर्फीने आपला माल घेतला होता मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनातून. पुढे देवलांनी आपल्याच गद्य नाटकात पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध केले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. फ्रेंच सांगाडा, इंग्रजी दुरुस्ती, मराठी बॉडी आणि वर संगीताचे नवे इंजिन: चार कारखान्यांचा माल एका नाटकात आहे. तरी फाल्गुनराव परका आहे असे कोणत्याही मराठी प्रेक्षकाला आजवर वाटलेले नाही.

हे कशामुळे साधले? परकी गोष्ट घेतल्याने नव्हे. ती कोणीही घेतो. सांध्यावर केलेल्या कामामुळे साधले. मूळ कथेत तरुण स्त्री-पुरुष स्वतःच्या पसंतीने एकमेकांना भेटतात, रुसतात, लग्नाच्या गोष्टी करतात. १८९३ च्या मराठी समाजात प्रतिष्ठित घरच्या मुलीला हे स्वातंत्र्य कुठून आणायचे? देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरात जन्म दिला. त्यामुळे तिचे मोकळेपण विश्वसनीय झाले, अश्विनशेठच्या संशयाला आधार मिळाला आणि लग्नाच्या प्रश्नाला मूळ नाटकात नसलेले वजन आले. आमच्या मते रूपांतराची सारी कला या एका निर्णयात आहे. दोन वेगळ्या मापांच्या यंत्रांमध्ये मेस्त्री जी जाड पोलादी चकती बसवतो, जिची एका बाजूची भोके इंजिनाशी जुळतात आणि दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सशी, तीच ही. प्रेक्षकाला ती दिसत नाही. पण सगळा पीळ तिच्यातूनच पलीकडे जातो.

आणि १९१६ च्या बदलाकडेही पाहावे. प्रहसन धावते, गाणे थांबते. धावत्या नाटकात थांबणारी गोष्ट बसवायची तर जागा शोधाव्या लागतात; नाहीतर नाटक तरी गुदमरते किंवा गाणे तरी उरकावे लागते. ‘संशयकल्लोळ’ आजही उभे राहते, कारण त्या जागा सापडल्या. पु. ल. देशपांडे यांच्या १९७५ सालच्या ‘ती फुलराणी’चेही तेच. शॉच्या नाटकाचे बळ इंग्लंडातील उच्चारांच्या उतरंडीत आहे. ती उतरंड मराठी बोलींत आहे हे ज्याला कळले त्यालाच ते नाटक मराठीत आणता आले.

यातून आम्ही एक कसोटी काढतो, आणि ती गाडीला व नाटकाला सारखीच लागू आहे असे आमचे मत आहे. नवा दम घातला की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. तो दम सोसण्यासाठी बाकीचे सगळे बदलले की नाही, हा मुख्य प्रश्न आहे. ज्याने फक्त इंजिन बदलले आणि आस, ब्रेक, रेडिएटर तसेच ठेवले, त्याने जुगाड केले. तिथे हा शब्द खुशाल वापरावा. ज्या रूपांतरकाराने पात्रांची नावे मराठी केली पण त्यांची नाती, त्यांची भीती, त्यांच्या घराचे दरवाजे तपासले नाहीत, त्यानेही जुगाडच केले, मग त्याच्या नाटकाचा अभ्यासक्रमात समावेश का होईना. उलट ज्याने एका बदलापायी पंचवीस बदल सोसले, त्याचे काम नवनिर्मितीच्या पंक्तीत बसते.

राहिला मूळपणा. ज्या गाड्यांच्या मूळपणाचे आपण गोडवे गातो त्यांचीच इंजिने त्यांच्या कारखान्यांनी बदलली आहेत. विलीजची जीप भारतात आली ती पेट्रोल इंजिनावर. पुढे महिंद्रांनी तीत प्यूजोचे डिझेल इंजिन घातले. खेड्यातल्या माणसाच्या मनातली जीप म्हणजे बहुधा तीच, धडधडणारी. मॉरिस ऑक्सफर्डपासून निघालेल्या ॲम्बॅसडरला १९९० च्या दशकात इसुझूचे इंजिन मिळाले आणि २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत ती आपल्याला ‘मूळची’च वाटत राहिली. कारखान्याने केले तर आवृत्ती आणि घरी केले तर भ्रष्ट पाठ, हा न्याय आम्हांला मान्य नाही. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना तर तो मान्य नसावाच.

तरीही सरांच्या बाजूला एक सत्य आहे आणि ते आम्ही दडपणार नाही. जी वस्तू जगात मोजकीच उरली आहे, जिचे मूळ इंजिन जिवंत आहे, तिला हात लावू नये. एकमेव हस्तलिखितावर कोणी दुरुस्त्या करीत नाही. आणि बदल करणाऱ्याने मूळ जपावे, खूण ठेवावी. वडूजच्या गोठ्यात जुने ९४८ सीसीचे इंजिन लाकडी घडवंचीवर, तेल लावून, गोणपाटाखाली ठेवलेले आहे. त्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आहे. आम्ही ते सरांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

*

आता सर्वांत अवघड भाग. ही गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. पण त्यांतही गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे आण्णांची हेराल्ड जुन्या, बंद इंजिनासह गोठ्यात पडून राहिली असती तर तिला मानाचा क्रमांक मागता आला असता. ती धावू लागली आणि कायद्याच्या लेखी कोणीच राहिली नाही.

कायदा मूर्ख आहे असे लिहून टाळ्या मिळवणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही, कारण आम्ही त्या गाडीत बसलो होतो. पहिल्या चाचणीच्या दिवशी, मळ्याच्या खाजगी वाटेवर, आम्ही शेजारच्या आसनावर होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये क्षणभर आळसावली, मग टर्बोने श्वास घेतला आणि पाठ आसनाला चिकटली. परतीच्या चढाला ब्रेकचा पॅडल सरळ तळाला गेला. टर्बोच्या धुराड्याजवळून गेलेली ब्रेकची नळी तापून तिच्यातले द्रव उकळले होते. चढ होता म्हणून आणि हातब्रेक होता म्हणून गाडी ज्वारीच्या बांधाला टेकून थांबली. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. वहीतल्या चौदा महिन्यांत ती एक नळी निसटली होती. त्याने पुढे ती नळी दुसऱ्या बाजूने नेली, उष्णतेला आडोसा घातला, पुढे डिस्क ब्रेक बसवले. पण ती चूक सातारा रस्त्यावर झाली असती तर समोरून येणाऱ्याने तिची किंमत मोजली असती. कायदा त्या समोरून येणाऱ्याच्या बाजूने उभा आहे आणि तिथे तो बरोबर आहे.

म्हणूनच आमची मागणी सूट देण्याची नाही, तपासण्याची आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किंवा मूलतः बदललेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची व्यवस्था आहे. जर्मनीत तंत्रज्ञ बदल तपासतात आणि तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. आपल्या कायद्यानेही इंजिनाला पवित्र मानलेले नाही: मान्यताप्राप्त संच बसवून पेट्रोलची गाडी सीएनजीवर किंवा विजेवर नेण्याची वाट त्याने ठेवलेली आहे. म्हणजे दम बदलण्याचे तत्त्व मान्य आहे; फक्त तो बदल कंपनीच्या खोक्यातून आलेला असला पाहिजे. एकट्या माणसाने केलेले काम तपासायला आपल्याकडे खिडकीच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शासकीय तंत्रनिकेतने आहेत. त्यांनी अशा गाडीचे ब्रेक, सुकाणू, वेल्डिंग, धूर तपासावा, चुकले तर परत पाठवावे, पुन्हा तपासावे आणि जुळले तर नोंदवावे. वडूजच्या त्या ब्रेकच्या नळीवर असे एखादे अनुभवी बोट आधी ठेवले गेले असते तर ज्वारीच्या बांधाची गरज पडली नसती. बंदीने ती नळी कोणाला दिसत नाही. बंदीमुळे काम फक्त लपून होते, आणि लपून केलेल्या कामाला परीक्षक मिळत नाही.

साहित्यातही आम्हांला हेच दिसते. रूपांतराला आपल्याकडे दोनच प्रतिसाद आहेत: ‘उसने आहे’ म्हणून फेटाळणे, किंवा ‘आपलेच केले’ म्हणून डोक्यावर घेणे. मधली खिडकी, जिथे बसून कोणी सांधा तपासतो, कोणता भार कुठून कुठे गेला हे पाहतो, नळी तापते आहे असे वेळेवर सांगतो, ती खिडकी म्हणजे समीक्षा. ती आपण किती तास उघडी ठेवतो, हे प्रत्येक मराठी विभागाने स्वतःला विचारावे.

तर आमचा निकाल. गाडी आण्णांचीच आहे. चासी त्यांची, दारे त्यांची, दाराच्या आत पडलेला हाताचा डाग त्यांचा. दम नवा आहे आणि तो सोसण्यासाठी जे जे बदलायला हवे होते ते बदलले गेले आहे, एक नळी उशिरा का होईना. सर, तुम्ही आम्हांला फाल्गुनराव शिकवलात तेव्हा मोलिएरचे मूळ नाटक हातात न घेताही आम्ही पोट धरून हसलो होतो, आणि तुम्ही आम्हांला थांबवले नव्हते.

गाडी अजून गोठ्यातच असते. रविवारी सकाळी ती मळ्याच्या वाटेने विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. मागच्या वेळी सर शेजारच्या आसनावर बसले होते. परतल्यावर मुलाने किल्ली लगेच फिरवली नाही, इंजिन मिनिटभर चालू ठेवले. सरांनी विचारले, “अरे, बंद का करत नाहीस?” तो म्हणाला, “थांबा सर, तिला जरा निवू द्या.” सर थांबले.